मास्तरांची करवत आणि सखारामाचं कपाट

सुतारकामात वस्तू होते एक आणि भुसा निघतो घमेलंभर. आमच्या ट्रेनिंगात तर वस्तूच होत नव्हती, म्हणून किस्से पोतंभर साठले!

पन्नास सालानंतरचे दिवस. सरकारच्या मनात आलं, शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचं. त्यासाठी आधी मास्तरांना यायला हवं! मग चाकणपासून भोसरीपर्यंतचे आम्ही सातवी पास मास्तर चिंचवडच्या एका गोदामात गोळा झालो. तोवर छडीशिवाय दुसऱ्या लाकडाला माझा हात लागला नव्हता.

आमच्यात चऱ्होलीचा सखाराम मास्तर होता. भोळा जीव, पण टांगणीला लागलेला. ट्रेनिंग पास झाला तर नोकरी कायम, आणि नोकरी कायम झाल्याशिवाय मोशीचा सासरा त्याच्या बायकोला नांदायला पाठवणार नव्हता.

*

वर्ग सुरू झाला, हत्यारं आलीच नाहीत. लाकूडही नाही. शिकवायला टिळेकर सर, भलतेच शिस्तीचे. "पाठ चुकवायचा नाही आणि पुढचा आधी घ्यायचा नाही!" मग काय, आठवडाभर आम्ही हवा कापली. नसलेल्या लाकडावर डावा हात, उजव्या हातात नसलेली करवत! सखाराम इतकं मन लावून कापायचा की सदरा घामानं भिजायचा.

"सखाराम, हळू! करवत तुटेल!" सर ओरडायचे.

नेमका तेव्हाच सासरा जावयाची प्रगती बघायला आला. दारात उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"पाव्हणं, काय कापताय?"

"सागवान, मामा."

सासरा दारातनंच माघारी फिरला!

*

पुढं हत्यारं आली आणि स्टुलाची परीक्षा लागली. माझं लाकूड तिसऱ्या पायालाच संपलं. म्हटलं, चालतंय राव! बघतो तर माझ्या मागची सगळी स्टुलं तीन पायांची! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडणारे मास्तर हे!

सर सखारामापाशी आले. त्याचं स्टूल दोन पायांचं, भिंतीला टेकवलेलं.

"हे काय रे?"

सखारामानं माझ्याकडं बोट केलं. "सर, माझ्या जागेवरनं ह्याच्या स्टुलाचे दोनच पाय दिसत होते!"

*

एकदा सखारामाची फळी वाकडी निघाली. रंधा मारून थकला, शेवटी चिडून तिला कोपऱ्यात उभी केली. तोंड भिंतीकडं!

मी म्हटलं, "अंगठे धरायला लाव की."

"न्हाई रे, एवढी मोठी चूक न्हाई तिची."

*

शेवटच्या परीक्षेला शाळेसाठी माणसाएवढं कपाट करायचं होतं. तपासायला आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी आल्याआल्या बजावलं, "आत उभा राहून बघणार. फटीतून उजेड दिसला की नापास!"

सासराही बैलगाडी घेऊन हजर. सखारामानं फट दिसेल तिथं सरस आणि भुसा ठासला होता. साहेब आत शिरले. दार ओल धरून फुगलेलं, बसेना.

"दाबा!" साहेब आतून ओरडले.

मी, टिळेकर सर आणि सासरा, तिघांनी खांदा लावला. थाड! बसलं.

"साहेब, उजेड दिसतोय का?" सखारामानं दाराला तोंड लावून विचारलं.

"ठार अंधार आहे!"

"म्हंजी पास?"

"पास! पास! उघडा आता!"

उघडायला गेलो, तर धरायलाच काही नाही.

"सखाराम, मूठ कुठाय दाराची?"

"मूठ पुढल्या पाठात हाय, सर!"

सरांनी पहार आणली. सखाराम हात पसरून कपाटाला आडवा झाला. "फोडायचं न्हाई! फोडलं की फट पडंल, फट पडली की मी नापास!"

आतून धडाधड बुक्क्या सुरू झाल्या. सासऱ्यानं कपाटाला एक चक्कर मारली. सांध्यावरनं बोट फिरवलं, कान लावून ऐकलं. मग फेटा सावरत गाडीकडं निघाला.

"पाव्हणं, पोरगी आत्ताच घिऊन येतो. पन म्या येईस्तवर दार उघडू नगा. माणूस भाईर आला की शब्द फिरवतो!"