इतिहासाचा बी.ए. आणि कापसाच्या गाड्या

काय सांगू राजेहो, नोकरी मागायला गेलो आणि गाड्या भरून कापूस घेऊन बसलो. हसू नका. आधी चहा घ्या.

साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो. आमच्या गावात राजापेठेत बाबांचं शिलाईचं दुकान. येईल ते गिऱ्हाईक विचारायचं, "पोरगं बी.ए. झालं म्हणता, मंग आता करते काय?" बाबा मान खाली घालून मशीन चालवत राहायचे. वकील झालो असतो तर लोकांना कळलं असतं. इतिहासवाल्याकडे कोण कशाला येईल? बाबांची ती खाली गेलेली मान पाहून मला फार वाईट वाटायचं.

अशात कळलं, अकोल्याच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर पाहिजे. शाळेचे अध्यक्ष दाजीसाहेब, कापसाचे अडते. म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे. भेटायचं तर कापूस बाजारातच. बाबांनी माझ्यासाठी कोट शिवला. "हे नोकरी हातची जाऊ देऊ नको बाप्पा," एवढंच म्हणाले.

आमच्या प्राध्यापकांनीही उपदेश केला होता, "साहेबानं हात पुढे केला की घट्ट धरायचा. ढिला हात म्हणजे ढिला माणूस."

बाजारात दाजीसाहेब गर्दीच्या मधोमध उभे. उजव्या हातावर उपरणं टाकलेलं. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे कोटाकडे पाहिलं आणि उपरण्यासकट हात पुढे केला. असेल मोठ्या माणसाची रीत, म्हणून मी खाली हात घातला, पाचही बोटं आवळली आणि जोरात हलवली.

दाजीसाहेब बघतच राहिले. "पक्कं?"

"पक्कं जी."

"मागं फिरसान नाई ना?"

"मरेपर्यंत नाही."

लोक बाजूला सरले. दर्यापूरकडचा एक म्हातारा शेतकरी पुढे येऊन चक्क माझ्या पाया पडला. अकोल्यात मास्तराला एवढा मान असतो? माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

"गाड्या कुठी नेऊ साहेब?" त्यानं विचारलं.

मला वाटलं, वाजतगाजत पोचवतो म्हणतोय. म्हटलं, "शाळेत. आता माझं सगळं तिथंच."

"शाळेत?" तो जरा थबकला. पण साहेबापुढे बोलणार कोण? मला पहिल्या गाडीवर बसवलं, मागे बाकीच्या गाड्या. असा मी शाळेत शिरलो. मैदानात गाड्यांचे बैल सुटले आणि म्हाताऱ्यानं सरळ कापूस उतरवायला घेतला.

हेडमास्तर धावत आले. "हे काय करून राहिले तुमी?"

"साहेबाचा कापूस उतरवून राहिलो."

"कोन्या साहेबाचा?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात हिशेबाला दाजीसाहेब टांग्यातून उतरले आणि सगळा उलगडा झाला. उपरण्याखाली बोटं दाबून कापसाचा भाव लागत होता, शेजारच्या व्यापाऱ्याला कळू नये म्हणून. मी पाच बोटं दाबून सगळ्या बाजाराच्या वर बोली लावली होती.

"मुंबईच्या मिलचा मानूस समजलो ना मी तुले!" दाजीसाहेब म्हणाले.

"मी इतिहासाचा बी.ए. आहे जी. मास्तरकीसाठी आलो."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. दाजीसाहेबांनी माझ्याआधी लागलेल्या कमी बोलीवर माल स्वतः ठेवून घेतला. म्हातारा मला म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. माह्या बैलायनं शाळा तं पाहिली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे बाबांची मान दिसायला लागली.

दाजीसाहेबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "इंग्रज आपल्याकडं कायले आले होते?"

"व्यापार कराले जी."

"कापूस घ्याले आले आन् देश घेऊन बसले. तू नोकरी घ्याले आला आन् कापूस घेऊन बसला. तुह्यापासून कोनाले धोका नाई. सोमवारी ये."

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकानं नेहमीचा प्रश्न विचारला. बाबांनी मशीन थांबवली, मान वर केली. "मास्तर झाला अकोल्याले."

"अस्सं? कायच्या जोरावर?"

"इतिहासाच्या. अजून कायच्या?"

मी कोपऱ्यात बसून कोटावरचा कापूस वेचत होतो.