दबलेला धूर

शेजारच्या सुमनताई आपला जुना टेम्पो विकत होत्या. गिऱ्हाइकाने इंजिन चालू करून सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला. तो स्वच्छच राहिला.

"वा, काळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल खात नाही!"

"खातं की दादा. ऑइलमध्ये औषध घातलंय, म्हणून धूर दबलाय. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, त्या काही भरून येत नाहीत."

गिऱ्हाईक 'बघतो' म्हणून निघून गेलं. मी ताईंकडे बघतच राहिलो. औषध वाईट नसतं. थकलेल्या इंजिनाला ते थोडे दिवस सांभाळून घेतं. पण गाड्यांची दलाली करताना मी तेच औषध घालायचो आणि रुमाल स्वच्छ निघाला की गप्प बसायचो. ताई किती सहज बोलून गेल्या!

"काका, ओळखीचं कुणी असेल तर सांगा. पण धुराचं आधी सांगा हं."

"सांगतो," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला हे मी पहिल्यांदाच सांगणार होतो.