पंडितभाऊच्या दारात पडलेलं आरक्षण

पंडितभाऊच्या पायांत लहानपणीच्या तापानं जीव ठेवला नव्हता. हात मात्र असे, की मोटारीची तार गुंडाळताना दंडावर बेडक्या उठायच्या. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याच दुकानात यायच्या. दुकानापासून गल्लीच्या तोंडापर्यंत तो हातानं फिरवायच्या तीनचाकीवर यायचा. खरी मारामार तिथून पुढं.

त्याच्या दारासमोर मगनची मॅटाडोर उभी असायची. मगन मिरचीची पोती वाहायचा. मॅटाडोर लागली की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, मधून निघाली तर शेळी निघेल. मग तीनचाकी तोंडाशी सोडायची, गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधायचे आणि गटाराच्या काठानं हातांवर सरकत घर गाठायचं. वरून मिरचीचा खकाणा. भाऊ शिंकत शिंकत यायचा. वच्छलावहिनी त्या शिंकांवरच चहाचं आधण ठेवायची.

"मगन, जराशी पुढे लाव ना रे गाडी."

"भाऊ, पुढे तानुमायनी खाट, मांगे बैल. गाडी काय डोकावर ठेवू?"

तेही खोटं नव्हतं.

शेवटी भाऊनं वॉर्डाच्या मेंबरला धरलं. मेंबर आपली मोटार न्यायला दुकानात आला होता. "माले दारशी तीनचाकीपुरती जागा द्या. दुसरं काही नको."

"देखसूत," मेंबर म्हणाला. मेंबर लोक सगळ्यांनाच देखसूत, म्हणजे बघू, म्हणतात. पण हा विसरला नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

मॅटाडोर भाड्यावर गेली होती तेव्हा मेंबरनं पाठवलेला पेंटर आला. त्यानं भाऊच्या दारासमोर पांढऱ्या रंगाचा चौकोन आखला. आत आधी खालचा मोठा शब्द काढला: राखीव. वर बारीक अक्षरात 'अपंगासाठी' लिहायचं होतं. तेवढ्यात बैलानं डबडं लाथाडलं. रंग गटारात गेला आणि पेंटर घरी.

संध्याकाळी भाऊ आला तर दारात मयताला जमावी तशी माणसं. गल्लीतली सगळ्यात जुनी तानुमाय वच्छलावहिनीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"काय व्हयनं?"

"आरक्षण पडनं रे पंडित, तुना घरवर!"

आमच्याकडं वीज पडते तसं आरक्षण पडतं. मागच्या साली नदीकाठी एकाच्या बखळीवर पडलं, तेव्हापासून त्याला ती विकता येईना की बांधता येईना. राखीव म्हटलं की सरकारचा डोळा.

भाऊ हसला. "माय, मीच मांगेल शे ती जागा. तीनचाकीकरता."

मग अभिमनतात्या बोलले. रोजचा पेपर वाचणारे ते एकटेच. "पंडित, सरकार जागा लेस. देस का कधी? तुले फसाडं."

"मी मेंबरले सांगं व्हतं ना."

"मंग मेंबर काय म्हने?"

"देखसूत म्हने."

"मंग देखं ना! तुनं घर देखी लिधं!"

वच्छलावहिनी डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही नेमकं काय म्हनात? जागा द्या म्हनात का जागा ल्या?"

भाऊ विचारात पडला. द्या म्हटल्याचं त्याला आठवत होतं. पण सगळी गल्ली एकच सांगत असेल तर आपलंच ऐकायला चुकलं असेल. मेंबरला विचारावं, तर तो लग्नाला सुरतेला गेलेला.

मगननं चौकोन बघितला आणि मॅटाडोर मागं घेत थेट गल्लीबाहेर नेली. "नको बा. राखीववर गाडी दिसनी ते मनंबी घर जाई."

त्या दिवसापासून भाऊची तीनचाकी थेट उंबऱ्याला टेकायला लागली. शिंक नाही, गटार नाही. आत वहिनी पदर तोंडाला लावून बसलेली.

"रडू नको," भाऊ म्हणायचा, "मना गुडघा देख. कोरडा शेतस."

"घरच जाई राहयनं, गुडघा काय चाटू?"

हेही खरं. उंबऱ्याशी चाक टेकलं की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की भीती वाटायची.

इकडं गल्लीनं भाऊला न सांगता ठरवलं. मेंबर सुरतेहून आल्याचं कळताच मगननं सगळ्यांना मॅटाडोरीत भरलं आणि त्याच्या दारात नेलं. "राखीव हटाव! पंडितभाऊले नको!" मेंबर लुंगीवरच बाहेर आला. त्याला वाटलं, पंडितलाच आता नको झालंय. "नको ते पुसी टाका बा," म्हणाला आणि आत गेला.

रॉकेल आणि विटांचे तुकडे घेऊन सगळ्यांनी चौकोन घासून काढला.

संध्याकाळी भाऊ गल्लीच्या तोंडाशी आला तर समोर डफ आणि गुलाल. "भाऊ, वाचनं तुनं घर!" मगननं त्याला तीनचाकीवरून उचलून खांद्यावर घेतलं. दारासमोर मॅटाडोर उभी, आरशाला झेंडूची माळ. भिंत आणि गाडी यांच्यामधून अंग चोरत मगननं त्याला आणून ओट्यावर बसवलं. वच्छलावहिनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत होती. इतक्या दिवसांनी ती हसत होती. भाऊ हसायला गेला तर तोंड भलतंच झालं.

"मगन, मनी तीनचाकी?"

"तोंडशीच शे. कोन्ही हात लावाव नही."

"आनि सकाय मी तठपर्यंत कसा जाऊ?"

"मी उचलसू ना, भाऊ."

"तू मिरची लिसन नंदुरबारले गया ते?"

"मंग तात्या उचली."

"मी?" अभिमनतात्यांना ठसकाच लागला. "मनी कंबर देख! तुना धाकला भाऊ काय करस?"

मग भांडणच लागलं. सोमवारी कोणी उचलायचं, मंगळवारी कोणी, पावसाळ्यात कोणी. तानुमायनं खाटेवरूनच सांगितलं, मी उचलते. भाऊ ओट्यावर बसून याच्याकडून त्याच्याकडं मान वळवत होता. गाडी हलवायचं कोणाच्याच तोंडातून निघेना. आणि एवढ्या गुलालात ते आपण कसं काढावं, हे त्यालाही कळेना.