जमनाबाईच्या पाटीतली लक्ष्मी

आहेरात देव देणाऱ्यांचा मला भारी राग येतो. कुकर द्या, चादर द्या! देव ठेवायला जागा नसते आणि टाकायची छाती होत नाही. पण आमच्या पालघरच्या सोसायटीत जवळच्या माहीम गावाहून जमनाबाई मासळी विकायला येते. येताना तिच्या पाटीत बोंबील असतात, जाताना नको झालेले देव. ते ती गावातल्या होड्यांवर बसवते.

शेजारच्या हेमांगीला वास्तुशांतीत गाणारी लक्ष्मी आली. समोरून कुणी गेलं की आरती सुरू. पाहुणा संडासाला निघाला तरी आरती!

"घेऊन जा मावशी, पण पाटीत नको, वास लागेल."

"देवीला नाय लागत वास, ताई," म्हणत जमनाबाईने लक्ष्मी पापलेटांवर बसवली. जिना उतरेपर्यंत पाटी गात होती.

जमनाबाईच्या दिराच्या होडीवर लक्ष्मीचा थाट झाला. रोज हार, आणि जाळ्यातला पहिला मासा तिच्यापुढे. महिन्याभरात त्यांना घोळ गावली, सोन्याच्या मोलाची मासळी. बातमी कळताच हेमांगीने जमनाबाईला जिन्यातच गाठलं.

"मावशी, आमची लक्ष्मी परत द्या."

"तुमी मासळी कवा खात नाय, ताई?"

"सोमवारी, गुरुवारी, शनिवारी. आणि आख्खा श्रावण."

"मंग कशी देऊ? तिला आता रोज ताजी मासळी लागते. तुमच्याकडं पार सुकट होईल तिची."