दादानं केलेलं बाळंतपण

कुणाचं भलं करताना त्यालाच जीव नकोसा करून सोडणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात माझ्या दादाशिवाय दुसरा झाला नसेल. येत्या रविवारी त्याला पंचाहत्तर पूर्ण होतात, असं त्याचा मुलगा म्हणतो. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. उर्दू शाळेतल्या मास्तरांनी मनाला आली ती लिहिली आणि दादा तीच खरी म्हणून आजवर भांडत आलाय. भाचा म्हणाला, आत्या, तू थोरली, दादांविषयी चार चांगले शब्द लिहून दे. आता घरातल्या बायकांत मीच थोरली उरले म्हणून ठीक आहे, एरवी मी त्याच्या पाठची. आणि चांगले शब्द लिहायला बसले की आधी त्याचा रागच येतो, त्याला मी काय करू?

पिंपळगाव रेणुकाईला आमचं घर. तिथं दादाला न विचारता कुणी काही करायची सोय नव्हती, आणि विचारलं तर मग काहीच व्हायची सोय नव्हती. कुणी विहीर खणायला घेतली, की हा काठावर उभा राहून पाणी कसं पलीकडच्या बाभळीखालीच आहे ते सांगणार. आजाऱ्याला बघायला जाणार आणि वारा लागतो म्हणून त्याची बाज उचलून दुसऱ्या भिंतीला लावणार, आजारी माणूस नको नको म्हणत असताना. कुणी हरकत घेतली, की "बिलकुल गलत" म्हणायचं आणि पुढं बोलत राहायचं. शाळेतलं उर्दू त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, पण तेवढ्यावर तो गावातल्या कुठल्याही शहाण्याला गप्प करी.

माझं लग्न झालं आणि मी भोकरदनला गेले. सणाला मला न्यायला मुराळी म्हणून दादाच यायचा. एका पंचमीला गाडीत बसून आम्ही निघालो. वाटेत एका मळ्यावर मी पाणी प्यायला उतरले, हा पुढं तोंड करून बैलांच्या खुराकाविषयी बोलत होता. मी ओंजळ पुसून वर बघते तर गाडी पार लांब गेलेली. मी हाका मारल्या, पण स्वतःच्या आवाजापुढं त्याला दुसऱ्याचा ऐकू येतो कधी? घरी पोचेपर्यंत तो माझ्याशी बोलत होता. आईनं दारात विचारलं, पोरगी कुठाय? तेव्हा यानं मागं वळून बघितलं. मला परत न्यायला आला तर उलट मलाच म्हणाला, उतरताना सांगायला काय झालं होतं तुला? तोंडात पदर कोंबून मी हसले, दुसरं काय करणार.

पुढच्या वर्षी आई गेली. वडील आधीच गेले होते, दादाचं लग्न झालेलं नव्हतं, आणि मला सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत. पण सासूबाई म्हणाल्या, आई न्हाई तिथं बाळंतीण कुनाच्या भरवशावर धाडायची? त्यांचं चूक नव्हतं. पण मला कळत होतं, पहिल्या बाळंतपणाला जे दार उघडत नाही ते पुढं कुठल्याच सणाला उघडत नाही. आईबरोबर माझं माहेरही गेलं, असं धरून मी चुलीपुढं बसून रडून घेतलं.

दादाला हे कळलं आणि तो येऊन आमच्या ओसरीवर बसला. सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं, कुनाच्या भरवशावर? दादा म्हणाला, "माझ्या." मग उठायचं नाव नाही. रोज तिथंच जेवायचा, सासऱ्यांना कापसाची लागवड कशी करावी ते शिकवायचा, शेजाऱ्यांची भांडणं सोडवायला जाऊन वाढवून यायचा. शेवटी सासरे हात जोडून म्हणाले, सून न्या, पण तुम्ही जा.

असं माझं बाळंतपण दादानं केलं. देव करो आणि वैऱ्यावरही अशी वेळ न येवो. भोकरदनचे हकीम, गावचे वैद्य, म्हशीवाले, सगळ्यांना विचारून आला आणि सगळ्यांचं एकदमच ऐकायला लागला. कुणी म्हणालं डिंक, कुणी म्हणालं मेथी. यानं डिंकाचे लाडू केले, ते फोडायला वरवंटा लागला. खालाबी म्हणून गल्लीतलीच म्हातारी सुईण होती. वेणा सुरू झाल्या तर हा दाराबाहेरून तिलाच सूचना देत होता. अखेर ती म्हणाली, "बेटा, बच्चा तेरेकू हो रा क्या?" तेव्हा कुठं हा अंगणात गेला. मुलगी झाली. त्याच आठवड्यात गायही व्याली. तर यानं चुलीवर एक मोठं पातेलं चढवलं, बाजरी, गूळ, मेथ्या, आणि त्याच पातेल्यातून एकदा मला आणि एकदा गाईला वाढायला लागला. मी ताट ढकललं, तर म्हणे गाईला काय मी वाईट घालून राह्यलो का? गाय माझ्यापेक्षा समजूतदार निघाली, तिनं मुकाट खाल्लं. शेक द्यायची शेगडी बाजेखाली अशी सरकवली की गोधडीचं टोक जळालं. दार उघडू नको, केस ओले ठेवू नको, रडू नको, हसू नको, टाके नसताना टाके तुटतील. सव्वा महिना मी त्याच्या नावानं बोटं मोडली.

निघायच्या दिवशी मला न्यायला गाडी आली. दादाला सगळं सुचलं होतं, ओटी तेवढी सुचली नव्हती. माहेरून लेक रिकाम्या ओटीनं जात नाही, आणि घरात बाईमाणूस नाही. मी म्हटलं, शेजारच्या काकूंना बोलाव. तो आत गेला आणि सुपात गहू, खोबऱ्याची वाटी आणि आईचं हळदकुंकवाचं पाळं घेऊन आला. मी म्हटलं, अरे, पुरुष ओटी भरतात होय?

"काकूनं भरली तर काकूची होईल," तो म्हणाला. "ही आईची हाय. मी निस्ता हातानं घालून राह्यलो."

मी पदर पसरला. अर्धे गहू खालीच सांडले. कुंकू लावताना बोट नाकावर आलं. मग तो बाहेर गेला आणि गाडीवाल्याला जू नीट बांधता येत नाही म्हणून ओरडत राहिला.

ती मुलगी आता आजी झाली. दादाचे गुडघे गेले, तरी बाजेवर बसून सुनेला स्वयंपाक शिकवतो, आणि ती बिचारी माझ्याकडे बघते. मीही त्याच्याशी भांडते. पण भोकरदनहून निघताना मी अजून "माहेरी जाते" असंच म्हणते, दादाकडे जाते असं तोंडात येत नाही. रविवारी त्याला ओवाळीन तेव्हा देवाकडे एकच मागणार आहे. मी आधी जावं, त्यानं माझ्या मागून यावं. आईबरोबर एकदा गेलेलं माझं माहेर आता दुसऱ्यांदा जायला नको.