कुलूच्या झाडापुढची नणंद

उन्हात फोटो काढला की त्यात रंग उतरतात, असं मी लग्न होऊन सासरी आले तरी मनापासून मानत होते. हिशेब सोपा होता. आजवर पाहिलेले सगळे फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतले, म्हणून काळे. उजेडात काढा, लुगड्याचा काठसुद्धा हिरवा येईल! कुणाला विचारायचं मनातही आलं नाही. मी अमरावतीच्या शाळेत मॅट्रिक झालेली. परतवाड्यात माझ्याहून शहाणं होतं कोण?

त्या हिवाळ्यात नणंदेला अकोल्याचं स्थळ आलं. मुलाकडच्यांनी आधी फोटो मागितला. स्टुडिओचं नाव काढताच सासूबाई कडाडल्या, "परक्या माणसापुढं पोरगी तोंड वर करून बसन काय?" तेवढ्यात धाकटे दीर नागपूरहून मित्राचा डबा-कॅमेरा घेऊन आले. आत एकच रीळ. लढाईचे दिवस, दुसरं रीळ कुठे मिळत नव्हतं आणि दीर दुसऱ्याच दिवशी परत जाणार होते.

आम्ही सगळे डोंगरापायथ्याच्या शेतात हुरडा खायला गेलो. दिरांनी मला कॅमेऱ्याचा खटका दाखवला. "वयनी, आठ फोटो निंगतात. माह्या बहिनीचे चांगले काढजा," म्हणाले आणि हुरड्याच्या आगटीकडे पळाले.

शेताच्या बांधापलीकडे जंगल लागायचं. पानं गळून झाडं उघडी पडलेली, आणि त्यांचे ते रंग! सालईची साल हिरवट, तिला कागदासारखे पापुद्रे सुटलेले. नाल्याकाठच्या अर्जुनाच्या बुंध्यावर राखी, गुलाबी चट्टे. माझं भानच हरपलं. एक फोटो, दुसरा, तिसरा. पदर खोचून मी झाडांभोवती फिरत होते आणि नटूनथटून आलेली नणंद काट्यांतून मागे मागे.

"वयनी, माहा कवा?"

"थांब गं. आधी झाडांचे काढून घेते."

"झाडं काय पळून राह्यली?"

मी हसले. कितवा फोटो ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामागच्या लाल काचेत पाहिलं, तर शेवटचा, आठचा आकडा.

पण माझ्यासारखीला धास्ती कसली! समोर कुलूचं झाड होतं. पांढरंधोप खोड, त्यावर गुलाबी छटा, जणू कुणी चुन्यात कुंकू कालवलंय. नणंदेला त्याला टेकून उभं केलं. "या गुलाबीपुढे तू गोरीपान दिसशील," असं ठणकावलं. सासूबाईंनी बजावल्याप्रमाणे तिने पदर पार कपाळावर ओढला. माथ्यावर ऊन. मी खटका दाबला.

दिरांनी नागपूरहून धुतलेले फोटो पाठवले. सात फोटोंत राखेची झाडं. आठव्यात कुलू टिपूर चांदण्यासारखं झळकतंय आणि त्याच्यापुढे पदराच्या सावलीत एक काळा डाग, त्याला नथ.

सासूबाईंनी फोटो दूर धरला, जवळ धरला. "झाडाचं लगन जमन आता," म्हणाल्या. "पोरीचं काई खरं नाई."

दुसरा फोटो नव्हता आणि अकोल्याहून तगादा सुरू होता. अखेर तोच पाठवला. नणंद माझ्याशी बोलेना. भाकरी वाढायची ती ताटात आपटून. एका दुपारी मी गोठ्यामागे तिला डोळे पुसताना पाहिलं आणि माझी मॅट्रिक मलाच टोचली. अकोल्याहून उत्तर येईना. मी देवापुढे रोज दिवा लावत होते. तो तिच्यासाठी किती आणि सासूबाईंच्या तोंडापासून वाचण्यासाठी किती, ते देवालाच ठाऊक.

आणि एक दिवस अकोल्याची मंडळी पोरगी पाहायला हजर!

नणंद पोह्यांच्या बशा घेऊन आली. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, बटव्यातून फोटो काढला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. बाई नवऱ्याकडे वळल्या. "पाह्यलं काय? आजवर पाह्यल्या त्या साऱ्या फोटोत अप्सरा आन् घरी गेलं का भलत्याच. हे पयली पोरगी फोटोपरीस देखणी निंगाली! यायनं काई लपवलं नाई. माणसं खरी हायेत."

सुपारी फुटली. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले, आणि नणंदेने मला दारामागे असा चिमटा काढला की आठवडाभर दंड निळा होता. आता त्या फोटोचं कुणी नाव काढू नये, म्हणून मी बशा उचलून स्वयंपाकघरात सटकले. तर मुलाच्या आई मागोमाग आत आल्या, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "फोटो तुमीच काढला म्हन्ते?"

मी मान खाली घातली.

"मंग माह्या लगनाच्या लायन्या पोरीचाई काढून द्या ना बाई. असाच वंगाळ पायजे, बरं."