पत्र्यांबरोबर घेतलेले अंगठे

जालन्याहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो तेव्हा मुलीला एवढंच सांगितलं की चुडाव्याला जाऊन येतो. कशाला, ते सांगितलं नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकाच्या वाचकांना मात्र सांगायला हवं. कारण याच प्रवासाचं वर्णन मी बारा वर्षांपूर्वी आपल्या अंकात लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली झाल्या, त्या पावसाळ्यात पूर्णा तालुक्यातल्या एका गावी बौद्ध वस्तीतली घरं जाळली गेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जळालेल्या घरांवर घालायला आपण जमवलेले पत्रे घेऊन मी तिथे गेलो आणि परत येऊन लिहिलं की नऊ कुटुंबांनी आनंदाने प्रभूचा स्वीकार केला. तुम्ही उपासनेत आभार मानलेत. भर पावसात मी त्या माणसांना रांगेत उभं केलं होतं. पवित्र शास्त्रावर हात ठेवून माझ्यामागे प्रार्थना म्हणायची, वहीत अंगठा उठवायचा, मग पत्रे. हा क्रम मीच ठरवला होता. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

सेलूला गाडी बराच वेळ थांबली. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि कापसाचे पुंजके उडत रुळांवर येत होते. शेजारच्या बाईंनी फडकं सोडून अर्धी भाकरी आणि तिळाची चटणी माझ्यापुढे धरली.

"कोन्या गावाला, बाबा?"

"चुडाव्याला उतरून पुढे."

"पाव्हणे हायत का तिथं?"

"ओळखीचे आहेत."

"मग खाऊन घ्या. ओळखीवाले च्यावर भागवतेत."

मी खाल्लं. चटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं अशीच ऱ्हाती."

चुडाव्याला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल पिशवीत टाकून अनवाणी निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, मध्ये काळ्या ढेकळांची वाट. थोड्या वेळाने मागून एक बैलगाडी आली. गाडीत पटका बांधलेले एक वयस्कर शेतकरी होते. त्यांनी मला वर घेतलं आणि कुणाकडे म्हणून विचारलं. मी त्या नऊ कुटुंबांतल्या सटवाजीचं नाव सांगितलं.

"कोनता सटवाजी? पत्र्याचा किरिस्ताव?" ते हसले. "आमी तसंच म्हनायचो. एक मास्तर आला व्हता, पत्रे देऊन बाटवून गेला. सटवाजी हाटेलात आला की पोरं इचारायची, एका पत्र्याला किती येळा परार्थना म्हनावी लागती?"

"मग तो काय म्हणायचा?"

"काय न्हाई. च्या तसाच ठिवून जायचा."

बैलांना हाकारून ते पुढे म्हणाले, "पर तुमी उशिरा आलाव. तो जाऊन दोन सालं झाली. तुमी कोन त्याचे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. वस्ती कुणी जाळली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गावाच्या तोंडाशी त्यांनी मला उतरवलं.

सटवाजीच्या घरावरचे पत्रे गंजून लाल झाले आहेत. त्याची बायको गयाबाई ओट्यावर तूर निवडत होती. बारा वर्षांपूर्वी त्या रांगेत उभं राहायला तिने एकटीने नकार दिला होता. तिने मला लगेच ओळखलं.

"या मास्तर. पायात काहून काय न्हाई?"

तिने तांब्या दिला. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "सटवाजीची माफी मागायला आलो होतो. वाटेत कळलं."

"लय उशीर केलाव."

"तुमची मागतो."

"माझी घ्या. त्याची माझ्यापाशी न्हाई."

ती तूर निवडत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक इचारू का? आता तुमच्यासंगं पत्रे न्हाईत म्हनून इचारते. त्या दिशी तुमी सांगितलं व्हतं, येशूनं आपल्या चेल्यायचे पाय धुतले. ते खरं हाय का? आमच्या मालकाला लय इचारायचं व्हतं. तुमाला कागद लिहवून धाडतो म्हनायचा. मग म्हनायचा, नगं, लोक म्हनतीन आनखीन पत्रे मागायलाय."

मी म्हणालो, खरं आहे. कमरेला पंचा बांधून, खाली बसून धुतले. जो त्यांना धरून देणार होता, त्याचेही धुतले. मी त्यांना देव मानतो. तुम्हीही मानावं असं मला मनापासून वाटतं. नाही मानलंत तर मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन.

"तुमचा देव खाली बसला," ती म्हणाली, "आन् तुमी आमच्या मान्सायला उभं करून अंगठे घेतलाव."

"हो."

"गोष्ट चांगली हाय. पर मला माझा बुद्ध बास हाय."

"बरं," मी म्हणालो. बारा वर्षांपूर्वी हा एवढासा शब्द मला म्हणता आला नव्हता.

चहा झाल्यावर मी पिशवीतून वही काढली. सगळ्या नावांवर रेघ मारतो म्हटलं तर ती म्हणाली, "ज्याचं त्याला इचारा. तवा इचारलं न्हाई, आता तरी इचारा." मी उरलेल्या आठ घरी गेलो. सहा घरांनी रेघ मारायला सांगितलं. त्यांतल्या एकाने वही हातात घेऊन स्वतःचा अंगठा खूप वेळ पाहिला. एक घर बंद होतं. एका म्हाताऱ्याने नाव राहू दे म्हटलं, तो अजूनही रोज प्रार्थना करतो. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

परत येऊन गयाबाईला विचारलं, "सटवाजीचं काय करू?"

"मला न्हाई ठाव. पाय धुतल्याची गोष्ट नातीला सांगायचा. पत्र्याचं कुनी बोललं की उठून जायचा. यातलं कोनतं धरायचं?"

संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो. पूर्णेला गाडी बदलताना पाय सुजले होते. बाकावर बसून वही उघडली. वाचकहो, माझ्या त्या वर्णनातला 'आनंदाने' हा शब्द खोटा आहे. तो काढावा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांची नावंही आपल्या मंडळीच्या नोंदपुस्तकातून काढावीत. येशूविषयी मी यापुढेही बोलेन, रिकाम्या हाताने बोलेन. सटवाजीच्या नावापुढे मात्र मला काहीच लिहिता आलं नाही. त्याच्या मनात एक प्रश्न होता आणि तो ज्याला विचारायचा, त्या माणसाला त्याने एकदाच पाहिलं होतं, पत्र्यांच्या ढिगाशेजारी उभं असलेलं.